इंजिन धुवा, पण पेट्रोलने नको

प्रश्न : माझी २०१२ सालची १५० सीसीची मोटरसायकल आहे. शाळेत शिकवायला रोज २२ किलोमीटर जातो, त्यातला निम्मा रस्ता लाल मातीचा. इंजिनवर तेल-मातीचा जाड थर बसलाय. शेजारचे म्हणतात, अर्धा लिटर पेट्रोल घ्या नि ब्रश मारा, नव्यासारखी होईल. मागे वॉशिंग सेंटरला धुतली, तर दोन दिवस मिसिंग करत होती, म्हणजे इंजिन मध्येच अडखळत होतं. घरीच कशी धुवावी? (एक शिक्षक, देवरुख)

उत्तर : गुरुजी, आधी ते पेट्रोल विसरा.

पेट्रोलने चिकटा झटकन निघतो हे खरं. मीही वापरायचो. १९९९ साली माझ्या गॅरेजमध्ये काम शिकणारा १९ वर्षांचा पोरगा कापलेल्या डब्यात पेट्रोल घेऊन कारबोरेटर धूत बसला होता. मी आठ-दहा फुटांवर दुसऱ्या गाडीचा करंट, म्हणजे प्लगला ठिणगी पडते का, ते बघत होतो. प्लग काढायचा, कॅपमध्ये खोचायचा, हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) टेकवायचा आणि किक मारायची, नेहमीचंच काम. दुसऱ्या किकला फरशीवरून निळसर काहीतरी सरकत गेलं आणि डबा पेटला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरत जाते, डोळ्यांना दिसत नाही. ओलं गोणपाट टाकून विझवलं, पण पोराचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. आज त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, पण थंडीत ती कातडी अजून ताणते म्हणतो. ठिणगी माझ्या हातातली होती. त्या दिवसापासून माझ्याकडे पेट्रोलने साधा नटसुद्धा धुतला जात नाही.

रॉकेल, डिझेल इतक्या सहज पेटत नाही, पण तापलेल्या सायलेन्सरवर तेही धोक्याचंच. शिवाय डिझेल मारलेली गाडी चार दिवस चमकते, मग त्याच तेलकटपणावर दुप्पट धूळ बसते आणि रबरी पाइप फुगतात. स्पेअर पार्टच्या दुकानात पाण्यात मिसळायचं डीग्रीझर, म्हणजे चिकटा काढणारं द्रावण मिळतं, ते घ्या. ते नुसतं ‘स्ट्राँग आहे’ म्हणून घेऊ नका, ॲल्युमिनियमला चालतं असं बाटलीवर लिहिलेलं पाहा. कॉस्टिक असलेलं स्वस्त पाणी मारल्याने काळी पडलेली इंजिनं माझ्याकडे येतात. तो काळेपणा मग साबणाने जात नाही.

आता मिसिंग का करत होती ते सांगतो. तुमच्यासारख्या बऱ्याच गाड्यांत प्लग हेडमध्ये खोल खड्ड्यात बसतो. त्यात गेलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून कंपनीने बाजूला एक बारीक भोक ठेवलेलं असतं, फिनांच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या बाहेरच्या पातळ पट्ट्यांच्या) मध्ये, सहज नजरेत न येणारं. मातीने ते बुजतं. वरून प्रेशरचं पाणी बसलं की खड्डा भरतो आणि करंट प्लगच्या टोकाला न जाता बाहेरच उतरतो. पुढे दोन दिवस इंजिनच्या उष्णतेने ते पाणी आटलं, तेव्हा तुमची गाडी सुधारली. धुण्याआधी मऊ तारेने ते भोक मोकळं करा. धुऊन झाल्यावर कॅप काढून हवा मारा, प्लग मात्र जागेवर घट्ट असू द्या, नाहीतर माती थेट सिलिंडरमध्ये जाईल.

बाकी क्रम सोपा आहे. शाळेतून आल्या आल्या धुऊ नका. तासभर तरी थांबा, उलटा हात टेकवून इंजिन गार झालंय याची खात्री करा. सावलीत, उघड्यावर, मेन स्टँडला लावा, चावी काढा. सायलेन्सरच्या तोंडाला आणि एअर फिल्टरच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधा. सुकलेली माती लाकडी पट्टीने खरवडा, पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर नको. डीग्रीझर मारून पाच-दहा मिनिटं थांबा, सुकू मात्र देऊ नका. फिनांच्या फटीत जुना टूथब्रश जातो, मोठ्या जागी रंगाचा ब्रश. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा. ब्रेकच्या डिस्कवर आणि ड्रमजवळ त्याचे थेंब उडू देऊ नका. मग बादली-मगाने किंवा बागेच्या पाइपने हळू धुवा. काळं पाणी पऱ्ह्यात (ओढ्यात) किंवा विहिरीच्या बाजूला सोडू नका. आधी जाड चिकटा चिंध्यांनी पुसून घेतला तर तेल पाण्यात जातंच कमी. पिशव्या काढल्याशिवाय स्टार्टर मारू नका. रस्त्यावर निघायच्या आधी दारातच चार-पाच वेळा ब्रेक दाबून बघा.

आणि चेन. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडकं लावायची सवय गावोगाव आहे. फडकं स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेनच्या दातेरी चाकात ओढलं जातं आणि बोटं त्याच्यामागे. माझ्या ओळखीच्या दोघांची बोटं अशी गेली आहेत. इंजिन बंद, न्यूट्रल, चाक हाताने फिरवा. वेळ लागतो, लागू द्या.

गुरुजी, धुणं मला महत्त्वाचं वाटतं ते चमकण्यासाठी नाही. एअरकूल इंजिनच्या फिनांत माती भरली की त्याला श्वास घेता येत नाही, ते तापत राहतं. आणि तो थर बसतो कशामुळे? कुठून तरी तेल झिरपतंय म्हणून. धुतल्यावर दोन दिवस चालवा आणि टॉर्च घेऊन बघा. हेडवरच्या टॅपेट कव्हरखाली ओल दिसली तर बहुतेक ओ-रिंग (रबरी कडी), साइड कव्हरच्या सांध्यावर दिसली तर पॅकिंग, खाली थेंब असेल तर ऑइल काढायच्या ड्रेन नटचा वॉशर गेलेला असतो. हे स्वस्त काम आहे. थराखाली दोन वर्षं झाकून राहिलं, ऑइल कमी होत गेलं, तर हेडचं काम निघतं आणि पगार त्यात जातो.

प्रश्न : कारच्या बॉनेटखाली उंदराने घरटं केलंय. प्रेशर मारून आतून सगळं धुऊन घेऊ का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ताई, प्रेशर अजिबात नको. आजच्या गाडीत कॉम्प्युटर, सेन्सर, फ्यूज बॉक्स सगळं त्याच खोक्यात आहे. कनेक्टरमध्ये जोरात घुसलेलं पाणी महिन्याभराने गंज घेऊन समोर येतं. गाडी पूर्ण गार होऊ द्या, चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो, म्हणून हा क्रम मोडू नका.

मोजे आणि मास्क लावा. उंदराच्या मुताने लेप्टो नावाचा ताप होतो, आम्ही कोकणात तो दर पावसाळ्यात बघतो. सुकी घाण झाडू नका, जंतुनाशकाच्या पाण्याचा हलका फवारा मारून ओली करा आणि उचलून पिशवीत टाका. चिंध्या, गवत, कागद एक्झॉस्टजवळ राहिले तर चालत्या गाडीत पेटू शकतात, तेव्हा एक्झॉस्टवरच्या पत्र्याच्या मागेही हात घालून बघा. उरलेलं काम ओल्या फडक्याने. वायरचं कुरतडलेलं तांबं किंवा पेट्रोलच्या पाइपवर दाताची खूण दिसली, तर बॅटरी जोडू नका, मेकॅनिकलाच घरी बोलवा.