पहिलाच रीफ टँक (कोरल म्हणजे प्रवाळ ठेवायचा खाऱ्या पाण्याचा फिश टँक), २० लिटरचा घेऊ की मोठा?
टेबलावर मावतो म्हणून २० लिटरचा घ्यायचा विचार असेल तर राहू दे, ७५-८० लिटरच्या खाली जाऊच नको. लहान टँक सोपा वाटतो पण असतं उलटंच, पाणी कमी असलं की नुसत्या बाष्पीभवनानेच खारटपणा भराभर चढतो, आणि मीठ काही उडून जात नाही, म्हणून रोजची भर साध्या आरओ-डीआय (क्षार पूर्ण काढलेल्या) पाण्याचीच घालायची (मी सुरुवातीला मिठाचं घालत बसलो, झोअँथिड, म्हणजे फुलासारखे दिसणारे छोटे कोरल, दोन दिवस मिटलेलेच). क्षारता ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), म्हणजे सापेक्ष घनता १.०२५-१.०२६, आणि तापमान २५-२६ डिग्री. भारी लाइटच्या आधी रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) घे.

रॉक टाकून सायकल (विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू टँकमध्ये तयार होणं) व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे जातात, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत मासा नाही म्हणजे नाही, कितीही हात शिवशिवले तरी. मग क्लाउनफिशची जोडी, आणि मश्रूम, झोअँथिड असले सॉफ्ट कोरल. झोअँथिडला हात लावताना ग्लोव्ह्ज घाल, काहींमध्ये जबरदस्त विष असतं. अ‍ॅनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) पहिलं वर्षभर नकोच, तो फिरत फिरत पंपात जाऊन अडकतो. स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) नसला तरी चालतं, दर आठवड्याला १० टक्के पाणी बदललं की भागतं.