५६के म्हणजे ५६ केबी नव्हे भावा

अरे ५६के मोडेमचा (फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणारा जुना डबा) वेग काढताना तू ५६ ला थेट १०२४ ने गुणून सेकंदाला तेवढे बाईट धरलेस ना, तिथंच गंडलास. मोडेमचा के म्हणजे साधे १०००, आणि ते सेकंदाला जाणारे बिट हायत, बाईट नाहीत; ८ बिटांचा एक बाईट. ५६,००० भागिले ८, सेकंदाला ७ केबी (किलोबाईट), तेही कागदावर. आमच्या विजापूर रोडच्या घरी मोडेम जोडतानाची ती किर्र किर्र संपली की स्क्रीनच्या कोपऱ्यात ४४ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) दिसायचं, म्हणजे साडेपाच केबी, ४ एमबीचं गाणं उतरायला बारा मिनिटं आणि मधेच आईनं फोन उचलला की परत पहिल्यापासून, डोक्याला ताप नुसता. आताचं ४० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) पण बिटच बरं का, ८ ने भाग, सेकंदाला ५ एमबी. जुना सेकंदाला २४०० बिटवाला साधा मोडेम असेल तर मात्र १० ने भाग, प्रत्येक बाईटमागं सुरुवात-शेवट दाखवणारे स्टार्ट-स्टॉपचे दोन बिट जास्तीचे जायचे.