टँक धुवायचा की नुसता रिकामा ठेवायचा?

प्रश्न : ताई नमस्कार. आमच्याकडे दोन फुटी टँक आहे, दोन बाय एक बाय एक, तीन वर्षं अगदी छान चालला होता. डिसेंबरात लेकीच्या हट्टापायी दोन नवे गोल्डफिश आणले आणि पिशवीतल्या पाण्यासकट टँकमध्ये सोडले. आठवड्याभरात सगळ्यांच्या पंखांवर, शेपटीवर रव्याचे दाणे चिकटवल्यासारखे पांढरे ठिपके! दुकानदाराने निळं औषध दिलं, तीन दिवसांत दाणे गेले, आम्ही खूश, आणि मग जे आले ते दुप्पट. पंधरा दिवसांत नऊच्या नऊ मासे गेले. आता टँकमध्ये नुसता फिल्टर चालूय आणि पाणी निळसर. सासूबाई म्हणतात फिनाईलने धू, मिस्टर म्हणतात ब्लीच टाक, आणि लेक रोज विचारते नवीन मासे कधी. खडी फेकून द्यायची का? नक्की काय करू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी फिनाईलची बाटली बाथरूममध्ये परत ठेवून या. फिनाईल, डेटॉल, भांड्यांचा साबण यातलं काहीच टँकला लावायचं नाही, त्याचा अंश खडीत आणि काचेच्या सिलिकॉनमध्ये राहतो आणि पुढच्या माशांना तोच मारतो. सासूबाईंना माझं नाव सांगा.

आता रव्याचे दाणे. तुम्ही इतकं नेमकं लिहिलंय की हा व्हाइट स्पॉट, दुकानात ज्याला इक म्हणतात तोच, यात मला फारशी शंका नाही. हा जंतू एकपेशीय परजीवी आहे. तो माशाच्या कातडीखाली वाढतो, भरला की गळून खाली खडीत पडतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत फुटत फुटत शेकड्यांनी, कधी हजारापर्यंत पिल्लं सोडतो, ती पोहत परत मासा शोधतात. म्हणजे तिसऱ्या दिवशी दाणे गेले तेव्हा मासे बरे झाले नव्हते हो, दाणे फक्त खडीत उतरले होते! औषध लागू पडतं ते फक्त त्या पोहणाऱ्या पिल्लांना, कातडीखालच्याला नाही आणि कवचातल्यालाही नाही, म्हणून दाणे गेले की औषध थांबवायचं नसतं. तुम्ही थांबवलं असणार. सगळेच थांबवतात.

पण यातच तुमच्या फायद्याची गोष्ट आहे. त्या पिल्लांना मासा मिळाला नाही तर ती साधारण दोन दिवसांत मरतात. तुमच्या टँकमध्ये आता एकही मासा नाही. म्हणजे ब्लीच न घालता नुसती वाट बघितली तरी काम होतं. फक्त थंडीत हे सगळं चक्र रेंगाळतं, २५-२६ डिग्रीला आठवड्याच्या आत उरकतं ते गार पाण्यात कित्येक आठवडे चालतं, आणि नाशिकची जानेवारी काय असते ते तुम्हाला मी सांगायला नको. १०० वॅटचा हीटर लावा, पाणी २८ ते ३० डिग्री ठेवा, फिल्टर आणि एअर पंप चालू, आणि दोन आठवडे टँक बिनमाशांचा. हीटर घ्यायचा नसेल तर दीड महिना धरा. खडी फेकू नका, झाडं असतील तर तीही आतच राहू देत, हा जंतू झाडांवर जगत नाही. निळेपणा पाणी बदलून आणि कार्बनची पुरचुंडी फिल्टरमध्ये ठेवून जातो, सिलिकॉनवर निळी झाक राहील ती राहू द्या.

ब्लीच का नको म्हणतेय, तर फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि खडीत जे चांगले बॅक्टेरिया तीन वर्षांत जमलेत ते माशांच्या घाणीतला अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, ब्लीचने ते सगळे साफ. मग चकचकीत टँकमध्ये रविवारी नवे मासे सोडले की पुढच्या रविवारपर्यंत अमोनियानेच ते वर तरंगतात आणि आपण म्हणतो, अरे आजार गेलाच नव्हता! मला येणाऱ्या पत्रांत निम्मी याच गोष्टीची असतात.

हे बॅक्टेरिया उपाशी राहू नयेत म्हणून एक दिवसाआड माशांच्या खाण्याची चिमूटभर बुकणी टाका, ती कुजून अमोनिया होतो. निळ्या औषधाने त्यातले काही मेलेही असतील, म्हणून अंदाजावर जाऊ नका, थेंबांचं टेस्ट किट आणा, नमुन्याच्या पाण्यात थेंब टाकले की रंगावरून अमोनिया, नायट्राइट किती ते कळतं. बुकणी टाकत असूनसुद्धा अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य असं सलग काही दिवस दिसलं तरच मासे. लेकीला किट हाताळायला द्या, रंग जुळवण्यात तिचे दिवस बरे जातील.

तरीही धुवायचाच असेल, किंवा माशांच्या तोंडाला कापसासारखं पांढरं धरलं होतं, पंख झडत होते असं काही आठवत असेल (तो बॅक्टेरियाचा आजार, वेगळा), तर मग ब्लीच ठीक आहे. पण आधी टँक रिकामा करून चिकट शेवाळं, घाण सगळी घासून काढा, कारण घाण असली की ब्लीच तिच्यावरच खर्च होतं. मग साध्या पाण्याने भरून दर लिटरला ५ मिली, साधारण चहाचा एक चमचा, ४ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं साधं ब्लीच. सुगंधी, फेसाळ असलं काही नको. तुमच्या टँकला ५० लिटर पाणी धरलं तर पाव लिटर लागेल. बाटली वर्षभर उन्हात पडलेली नको, तिच्यात दम राहत नाही. खडी, जाळी, नळ्या, प्लॅस्टिकची झाडं सगळं त्यातच, एक तास. खिडक्या उघड्या ठेवा आणि त्यात व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. काचेवरचे बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग व्हिनेगरने काढायचे असतील तर ते वेगळ्या दिवशी, टँक पूर्ण धुऊन झाल्यावर.

मग पाणी मोरीत सोडून द्या, तीनदा खळखळून धुवा, पुन्हा भरा आणि दुकानात अँटीक्लोरीन म्हणून पांढरे खडे मिळतात ते दुप्पट टाकून रात्रभर ठेवा. सकाळी काढा, आणि वास पूर्ण जाईपर्यंत टँक, खडी सगळं गच्चीत उन्हात. लाकडाचा ओंडका असेल तर तो ब्लीच पितो, टाकून दिलेला बरा. स्पंज नवा घ्या. आणि उकळतं पाणी काचेत ओतू नका. मी हौसेने ओतलं होतं, टक् असा बारीकसा आवाज आला आणि तळाची काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत गेली. त्यानंतर गॅलरीत माझ्याकडे तुळस आहे.

ब्लीच केलंत तर सुरुवात शून्यापासून, बॅक्टेरिया जमायला चार ते सहा आठवडे धरून चाला. ओळखीत कुणाचा निरोगी टँक असेल तर त्यांच्या फिल्टरमधल्या थोड्या सिरॅमिक रिंग मागून आणा आणि त्यांच्याच पाण्यात बुडवून आणा, नळाच्या पाण्याखाली धरू नका, त्यांच्यावर बॅक्टेरिया आयते असतात, वाट बघण्याचे बरेच दिवस वाचतात.

आणि पुढच्या वेळी गोल्डफिश नकोत. दोन फुटांत नऊ म्हणजे मुंबईची आठ सत्तावन्नची लोकल! चार-पाच गप्पी आणा, त्यांना आधी २० लिटरच्या टबात छोटा स्पंज फिल्टर लावून तीन आठवडे वेगळं ठेवा, टबाची जाळी वेगळी. पिशवी पंधरा-वीस मिनिटं टबात तरंगू द्या, मग मासे जाळीने उचला, पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये. दुकानात एकाच फिल्टरवर पाच-सहा टँक चालतात, पाचांचे आजार त्या एका पिशवीत असू शकतात.

प्रश्न : आमचे मासे सहा महिन्यांत एकेक करून मेले. आधी खात नाहीत, पोट खपाटीला जातं, पाठ वाकडी होते. ठिपके वगैरे काही नाही. टँक ब्लीचने धुतला तर पुरेल का? (माझ्या बोटावर महिनाभर एक गाठ आहे, तिचा काही संबंध?)
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कंसातलं आधी लिहायला हवं होतं तुम्ही! टँकचं राहू द्या, उद्याच्या उद्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि न विसरता सांगा की घरात मासे आहेत. तुम्ही लिहिताय ती लक्षणं माशांच्या टीबीची असू शकतात. त्याचा जंतू मायकोबॅक्टेरियम मरिनम, माणसाच्या टीबीच्या जंतूचा चुलतभाऊ, खोकल्यातून पसरत नाही, पण हाताला जखम असेल तर पाण्यातून शिरतो आणि अशी गाठ धरते. तो साधारण ३० डिग्रीला वाढतो, शरीराच्या आत त्याला उष्ण पडतं, म्हणून सहसा हातापायांवरच बसतो. औषधं आहेत, पण कित्येक महिने घ्यावी लागतात, तेव्हा गाठ फोडत बसू नका.

हा जंतू क्लोरीनला सहजासहजी दाद देत नाही, त्याच्या भिंतीवर मेणासारखा थर असतो. म्हणून खडी, स्पंज, लाकूड, झाडं सगळं घट्ट पिशवीत बांधून कचऱ्यात. काच घासून, वाळवून ७० टक्के अल्कोहोलने पुसायची आणि ओली ठेवायची, स्विच बंद करून, गॅसपासून लांब. हे सगळं रबरी हातमोजे घालूनच, आणि शक्यतो हाताला जखम नसलेल्या दुसऱ्या कुणाला तरी करू द्या, आणि सायफनची नळी तोंडाने ओढायची सवय असेल तर ती आजच सोडा. छोटा टँक असेल तर खरं सांगू, मी नवीनच घेईन. जुना मात्र शेजारच्या पोरांना फुकट म्हणून देऊ नका, काच फोडून मगच भंगारात घाला.