लिनक्सवर लिहिलेल्या डीव्हीडीतली नावं विंडोजवर का तुटतात?

तुमचा प्रश्न असा: लिनक्सवर लिहिलेल्या डीव्हीडीतली फाइलींची नावं तिथे नीट दिसतात, पण विंडोजवर ती कॅपिटलमध्ये, छाटलेली दिसतात आणि मराठी नावांच्या जागी नुसते अंडरस्कोर येतात. विंडोजला हा फॉरमॅट चालत नाही का?

चालतो. विंडोजला वाचता येतील अशी लांब नावं तुमच्या डिस्कवर लिहिलीच गेलेली नाहीत, एवढंच.

डिस्कवर फाइली आणि त्यांची नावं कशी मांडायची हे ठरवणारं आयएसओ ९६६० हे मानक १९८८ चं. त्याच्या पहिल्या पातळीत नावाला ८ अक्षरं, एक्स्टेन्शनला ३, आणि तीही फक्त कॅपिटल रोमन अक्षरं, आकडे नि अंडरस्कोर. डॉसलाही (विंडोजच्या आधीची प्रणाली) वाचता यावं, हा हिशोब. हे अपुरं पडल्यावर दोन पुरवण्या निघाल्या. युनिक्सवाल्यांची रॉक रिज मूळ डिरेक्टरीच्या नोंदींनाच लांब नाव, परवानग्या आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे नेणारे दुवे) जोडते. मायक्रोसॉफ्टची जोलिएट मात्र डिरेक्टरीची दुसरी, स्वतंत्र यादीच लिहिते, १६ बिटी युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरीही चालते. फाइलींचा मजकूर डिस्कवर एकदाच असतो. दोन्ही याद्या त्याच सेक्टरांकडे बोट दाखवतात. त्यामुळे दोन्ही ठेवल्या तरी जागा नगण्यच जाते.

विंडोज रॉक रिजकडे ढुंकूनही बघत नाही. लिनक्स आणि मॅकला दोन्ही समजतात. दोन्ही असतील तर लिनक्स रॉक रिजला पसंती देतं. तुमच्या डिस्कवर फक्त रॉक रिज आहे हे लक्षणांवरूनच कळतं. पुढच्या वेळी बर्न करताना जोलिएटवरही टिक करा.

मराठी नावं देणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जोलिएटची मर्यादा ६४ अक्षरांची आहे आणि त्यात काना, मात्रा, हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘विद्यार्थ्यांची’ एवढ्या एका शब्दाचेच १५ होतात! दोन-चार जोडाक्षरी शब्दांतच मर्यादा संपते. बऱ्याच बर्निंग प्रोग्रॅममध्ये ती १०३ पर्यंत ताणायची सोय असते, पण ते मानकाबाहेरचं आहे, म्हणून मी नावच आखूड ठेवतो.

४ जीबीहून मोठी फाइल असेल तर आयएसओऐवजी यूडीएफ ही डिस्कवर फाइली मांडायची दुसरी पद्धत घ्या. इथे आवृत्ती बघावी लागते: विंडोज एक्सपी २.०१ पर्यंतच वाचतं, २.५० वाचायला व्हिस्टा किंवा त्यापुढचं विंडोज हवं. लिनक्स २.५० वाचतं, पण त्यावर लिहीत नाही. म्हणून डिस्क कोणत्या मशीनवर जाणार हे ठाऊक नसेल तर १.०२, डीव्हीडी-व्हिडिओसाठीही तीच ठरलेली आहे. यूडीएफमध्ये देवनागरी नावाला १२७ अक्षरं मिळतात, तेवढी सोय जास्त. आयएसओ आणि यूडीएफ एकाच डिस्कवर ठेवणारी ‘ब्रिज’ पद्धतही आहे, पण मोठी फाइल त्यात यूडीएफच्या बाजूनेच उघडेल असं धरून चाला.

कोरी डिस्क टाकल्यावर विंडोज ती ‘यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी’ वापरायचा पर्याय देतं, तोही यूडीएफच. स्वतःपुरती डिस्क असेल तर ठीक. दुसऱ्याला द्यायची असेल तर मास्टर्ड (सगळ्या फाइली एकदम लिहिणारा) पर्याय घ्या, कारण पहिल्या प्रकारात सेशन (लिहिण्याची फेरी) बंद न करता डिस्क काढली तर दुसऱ्या मशीनवर ती रिकामी दिसू शकते.

आताच्या डिस्कमधला डेटा शाबूत आहे. लिनक्सवरच ती हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि दोन्ही पुरवण्यांसह पुन्हा लिहा.