शब्दशः अर्थ लावू नकोस

इंग्रजीत कुणी 'टेल मी अबाउट इट' म्हणालं की सगळी हकीकत सांगत बसू नकोस. मी एकदा बसलो होतो, समोरचा जांभया देत होता! त्या वाक्याचा अर्थ 'मला काय सांगतोस, मीही तेच भोगतोय'. काही देऊ केल्यावर 'आय अ‍ॅम गुड' असं उत्तर आलं तर ते 'नको' असतं. देशही बघावा लागतो. 'पिस्ड' म्हणजे ब्रिटनमध्ये प्यायलेला, अमेरिकेत चिडलेला. बैठकीत विषय 'टेबल' करणं तर थेट उलटं: ब्रिटनमध्ये चर्चेला मांडणं, अमेरिकेत बाजूला ठेवणं. अशा शब्दप्रयोगांच्या नुसत्या याद्या पाठ करणं मला तरी फुकट वाटतं. वाक्य, प्रसंग आणि बोलणाऱ्याचा सूर वहीत टिप. स्वतः वापरायची घाई नको. आधी पाच-सहा वेळा कानावर पडू दे.