रंगप्रश्न : ओडेवालेची कुदळ, आपली हलगी

प्रश्न : आमच्या विभागात नायजेरियन नाटककार ओला रोटिमी यांचं ‘द गॉड्स आर नॉट टू ब्लेम’ मराठीत करतोय. सुरुवातीला भाकीत येतं, की हे बाळ बापाला मारेल आणि आईशी लग्न करेल. तिथं पाचवीच्या रात्रीची सटवाई दाखवली तर इथल्या प्रेक्षकाला चटकन लागेल ना?
– नाट्यशास्त्राची विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : लागेल, आणि तिथंच नाटक हातचं जाईल. सटवाईनं लिहिलं म्हटलं की ओडेवालेच्या, म्हणजे त्या बाळाचा मोठेपणी झालेल्या नायकाच्या, हातात काही उरतच नाही. ग्रीक नाटककार सोफोक्लीसचा इडिपस नायजेरियातल्या योरुबा मुलखात आणताना रोटिमींनी भाकीत ठेवलं, ओगुन देवाचं ठाणं ठेवलं, आंधळा भविष्यवेत्ता बाबा फाकुन्लेही ठेवला. पण बापाचा खून घडतो तो शेतातल्या कंदांवरून, आणि ओडेवालेचं डोकं फिरतं ते तो म्हातारा (ओळखू न आलेला बाप) त्याच्या जमातीची, बोलीची टर उडवतो तेव्हा. पहिला प्रयोग १९६८चा, इफे इथला. त्या वेळी नायजेरियात बियाफ्राचं यादवी युद्ध पेटलेलं होतं (१९६७ ते १९७०). शेवटी ओडेवाले स्वतःच म्हणतो, देवांना दोष देऊ नका.

म्हणून तालमीचा सगळ्यात जास्त वेळ शेतातल्या भांडणाला द्या. म्हाताऱ्याबरोबरचे गडी मख्ख उभे राहिले की प्रसंग पडतो. प्रत्येक टोमण्यावर ते हसले पाहिजेत, म्हणजे ओडेवालेचा पारा पायरीपायरीनं चढताना दिसेल. ओडेवाले ज्या कुदळीनं म्हाताऱ्याला मारतो, ती खरी नको. दांडा वेताचा, पातं चपलेच्या तळाला लागणाऱ्या फोमचं, १० मिमी जाडीचं. म्हातारा प्रेक्षकांच्या नजरेनं ओडेवालेच्या पलीकडे हवा आणि घाव त्याच्यापासून दोन फूट बाजूला पडावा. आधी निम्म्या वेगानं, आकडे मोजत बसवा. ‘आता’ ही खूण मार खाणाऱ्यानं द्यायची, मारणाऱ्यानं नाही. उलटं केलं की घाई होते आणि खरंच लागतं. कोपऱ्यातल्या खुर्च्यांवर बसून एकदा बघा. फसवणूक उघडी पडते ती तिथूनच.

प्रश्न : बोलक्या ढोलाऐवजी हलगी चालेल का? संबळही मिळतो.
– लातूर

उत्तर : गर्दीसाठी हलगी उत्तम. राजवाड्याचा निरोप मात्र हलगीवर जमणार नाही. योरुबा भाषेत उंच, मध्यम आणि खालचा अशा तीन सुरांवर शब्दाचा अर्थ ठरतो. दुंदुन हा तिथला बोलका ढोल मधे बारीक असतो, दोन्ही तोंडं चामड्याच्या दोऱ्यांनी ताणलेली. बगलेत दाबला की सूर चढतो, सैल सोडला की उतरतो. म्हणून तो बोलल्यासारखा वाटतो. हलगीचा सूर असा वाजवताना घसरत नाही. त्यापेक्षा तबल्याचा डग्गा घ्या. मनगटाचा दाब पुढे सरकवला की सूर वर जातो. मायक्रोफोन पुडीपासून वीतभर दूर ठेवा. जवळ नेला तर नुसता घुमारा येतो.

संबळ टाळा. ओगुनच्या ठाण्यात तो वाजला की प्रेक्षक गोंधळाला बसतो, आणि ओगुन तर लोखंडाचा, लढाईचा देव.

चामड्याची हलगी पावसाळी हवेत उतरते. विंगेत जाळ करू देत नाहीत, म्हणून शेकायची ती बाहेर, प्रवेशाआधी. एकाच जागी जास्त शेकली तर काठाशी फाटते. दुसरी शेकून तयार असू द्या.

प्रश्न : सरदारांच्या गळ्यात कवड्यांच्या माळा घालाव्यात का?
– तुळजापूर

उत्तर : तुमच्याकडे तर अजिबात नको, सगळे आराधी दिसतील. शिवाय या नाटकात कवड्यांची दोरी टाकून दिलेल्या बाळाच्या पायांना बांधतात. इडिपसच्या घोट्यांतल्या जखमेच्या जागी ती आहे. तीच ठसठशीत दिसू द्या. सरदारांना आगबादा, म्हणजे योरुबा पुरुषांचा ढगळ झगा, पुरे. त्याच्या बाह्या खांद्यावर दुमडून घेतात आणि हात उचलला की त्या घसरतात. आतून एकेक टिचबटण लावा. आणि कुणाच्याही तोंडाला काळा रंग फासू नका, हे वेगळं सांगायला लागू नये.

प्रश्न : विभागातल्या प्रयोगानंतर शहरात तिकीट लावून केलं तर?
– छत्रपती संभाजीनगर

उत्तर : रोटिमी २००० साली वारले. आपल्या कायद्यानं लेखनहक्क मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे २०६० अखेरपर्यंत. संस्थेतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी शिक्षणाचा भाग म्हणून, विद्यार्थी, पालक आणि शिक्षकांपुरता केलेल्या प्रयोगाला सूट आहे. तिकीट लावलं की ती संपते. मग प्रयोगाची आणि भाषांतराची, अशा दोन्ही परवानग्या हक्कधारकांकडून लेखी घ्या. सार्वजनिक प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही लागतं. मराठी संहिता पक्की झाली की लगेच पाठवा, नाट्यगृहाची तारीख घेतल्यावर नव्हे.