शेजारी पेट्रोल पंप होता, विहिरीचं पाणी आणि माती कशी तपासायची?

तुम्ही विचारलंय की नागपुरात प्लॉट बघताय, लागून बंद पडलेला पेट्रोल पंप आहे, आत जुनी विहीर आहे. पाण्यात-मातीत पेट्रोल मुरलंय का हे कसं तपासायचं आणि खर्च किती. खर्च लॅबवाल्यालाच विचारा. चुकतं कुठे ते मी सांगतो, कारण आमच्या घरी ते साग्रसंगीत चुकलंय.

आमच्या नागपुरातल्याच मानेवाड्याच्या घरच्या विहिरीला एका मे महिन्यात वास सुटला. बादली वर काढली की पाण्यावर रंगीत तवंग. भाऊजी कॉन्ट्रॅक्टर. म्हणाले, "लोखंडाचं पाणी आहे बाप्पा, कायले घाबरून राहिले?" मी काडी फिरवून दाखवली. लोखंडाचा तवंग असला तर काडीने त्याचे पापुद्र्यासारखे तुकडे होतात, तेलाचा काडीमागे पुन्हा जुळतो. आमचा जुळला. तीनदा.

तरी तपासणीचं काम गेलं भाऊजींकडेच. जावई ना! त्यांनी टाकीच्या नळाचं पाणी कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत अर्धं भरलं, स्कूटरच्या डिकीत ठेवलं आणि सोमवारी लॅबमध्ये दिलं. दोन दिवस, नागपूरचं ऊन. उडणारं जे होतं ते टाकीत पडतानाच निम्मं उडालं असेल, उरलेलं बाटलीत. नीरी, म्हणजे पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था, १९५८ पासून आपल्या गावात, आणि आमचा नमुना गल्लीतल्या लॅबमध्ये! रिपोर्टात पीएच, टीडीएस, कठीणपणा, कोलिफॉर्म. खाली शिक्का: पिण्यायोग्य.

लॅबकडे तपासायला मागायचं ते बेंझीन, टोल्युइन, इथाइलबेंझीन, झायलीन, म्हणजे पेट्रोलमधली उडणारी द्रव्यं. डिझेलची शंका असेल तर एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बनही. लॅबची एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता त्याच चाचण्यांसाठी आहे का ते आधी बघा. नमुना थेट विहिरीतून, ४० मिलीच्या काचेच्या कुपीत, बुडबुडासुद्धा न ठेवता, आणि बर्फात. कुप्या लॅबकडूनच घ्या. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, फुटव्हॉल्व्ह (मोटरच्या पाइपाचं पाणी ओढणारं टोक) तळाशी असतो, म्हणून वरचं पाणी वेगळं, खालचं वेगळं. आणि वास नाही म्हणून निश्चिंत राहू नका. बेंझीनची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, नाकाला कळतं ते त्याच्या कितीतरी पट जास्त झाल्यावर. उकळून तर अजिबात पिऊ नका, ती वाफ स्वयंपाकघरातच राहते.

मातीचं म्हणाल तर शेतीच्या माती परीक्षणाची सवय विसरा. चार ठिकाणची माती मिसळून सावलीत वाळवली की तपासायला उरतं काय? काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, गळती सरळ मुरमात उतरते, म्हणून पंपाच्या टाकीच्या बाजूने पाणी लागेपर्यंत बोअर मारून खालचा नमुना घ्यावा लागतो. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा. पाणी चढलं की मुरमात अडकलेलं पुन्हा वर येतं.

हेही सांगतो की आमच्याकडे दोष शेजारच्या पेट्रोल पंपाचाच होता हे काही सिद्ध झालं नाही. पलीकडे ट्रकचं गॅरेजही होतं. विहीर मात्र आम्ही पिण्यासाठी बंद केली.

भाऊजी, वाचत असाल तर तो रिपोर्ट माझ्याकडे आहे अजून. दिवाळीला या, दाखवतो. त्यात बेंझीनचा रकानाच नाही.